सणाची साखर, रोजची साखर

तर झालं असं की, मागच्या वर्षी कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला. मी तो नेहमीप्रमाणे न उघडता मेलबॉक्समध्ये पडू देणार होतो, पण त्या दिवशी बिल्ड चालू होता आणि हाताला दुसरं काम नव्हतं. वजन ८६ किलो, कंबर ९८ सेंटीमीटर, एचबीएवनसी ६.१. शेवटच्या आकड्यासमोर लाल बाण. गूगल केल्यावर कळलं की ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस. मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वय वर्षं २८!

बाबांना दाखवला. ते स्वतः बारा वर्षांपासून गोळ्या घेतायत. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला, घडी केली आणि एवढंच म्हणाले, "मला पंचेचाळीसाव्या वर्षी निघाली होती. आजोबांना साठाव्या."

मी प्रोग्रामर माणूस. साठ, पंचेचाळीस, अठ्ठावीस हे तीन आकडे एका ओळीत दिसले की पुढचा आकडा काय येणार हे डोक्यात आपोआप सुरू होतं. एकाच घरातली तीन माणसं, रक्त तेच. आजोबा तर आयुष्यभर गूळ खाल्लेला माणूस. मग प्रत्येक पिढीत हे पंधरा-सतरा वर्षं अलीकडे कसं सरकलं? या प्रश्नाच्या मागे लागून गेले काही महिने शनिवार-रविवार जे वाचलं, ते आज लिहून काढतोय. डाएटच्या टिप्स हव्या असतील तर निराशा होईल, आधीच सांगतो. हा इतिहासाचा लेख आहे. पण मला स्वतःला टिप्सपेक्षा याचाच जास्त उपयोग झाला.

सुरुवात फार लांबून करावी लागेल. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा, पण त्याच्या रसापासून दाणेदार घट्ट साखर करायचं तंत्र आपल्याकडचं. अलेक्झांडरचा सेनापती निआर्कस इसवी सनापूर्वी ३२५ च्या सुमारास सिंधूच्या मुलखात आला, तेव्हा मधमाश्यांशिवाय मध देणाऱ्या बोरूचं त्याला केवढं आश्चर्य वाटलं होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात काय काय साठवायचं याची यादी आहे, त्यात फाणित म्हणजे काकवी, गूळ, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा असे पाच वेगवेगळे प्रकार मोजलेत. यातल्या शर्करेची अरबी-फारसीतून जाऊन इंग्रजांची शुगर झाली आणि खंडाची कँडी झाली. चीनच्या तांग सम्राटाने ६४७ साली मगधात माणसं पाठवली होती, ती साखर करायची पद्धत शिकायला. म्हणजे आपल्याकडून ऑनसाइट ट्रेनिंग घेऊन गेले म्हणा ना. :)

पण मला खरा धक्का बसला तो चरकसंहिता चाळताना. प्रमेहाची, म्हणजे आजच्या मधुमेहाच्या जवळ जाणाऱ्या रोगाची, कारणं सांगताना चरकाने पहिलं कारण साखर दिलेलंच नाही. पहिलं कारण आहे बसून राहण्याचं सुख. दुसरं झोपेचं सुख. मग दही, दूध, नवं धान्य वगैरे, आणि शेवटी गुळाचे पदार्थ. दुसऱ्या एका ठिकाणी रोग्याच्या लघवीकडे मुंग्या येतात हेही लिहून ठेवलंय. 'बसून राहण्याचं सुख' वाचलं तेव्हा मी माझ्या अठरा हजारांच्या एर्गोनॉमिक खुर्चीत सलग पाचवा तास बसून होतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने आपला बग रिपोर्ट आधीच लिहून ठेवलाय असं वाटलं.

म्हणजे गोडाचं वेड नवं नाही आणि त्याचे परिणामही नवे नाहीत. कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात मानसोल्लास नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात जेवणावर एक अख्खं प्रकरण आहे आणि त्यात मंडक येतात. मंडक म्हणजे आपले मांडे! ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजल्याची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आमच्या कसमादेत, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यात, अजूनही मातीच्या उलट्या खापरावर हातभर पुरणाचे मांडे होतात. आजी करते. दोन्ही हातांवर पोळी फिरवत फिरवत ती एवढी मोठी करते की मला लहानपणी ती आता फाटणार असं दर वेळी वाटायचं. एकदाही फाटली नाही.

पण मांडे कधी होतात? आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, खानदेश-बागलाणातला माहेरवाशिणींचा मोठा सण. एरवी मांड्यांचं नाव नाही. मी एका रविवारी आजीला फोन करून विचारलं की तुझ्या लहानपणी वर्षातून किती दिवस गोड व्हायचं घरात? तिने बोटांवर मोजलं. संक्रांतीचा तिळगूळ, होळीची पोळी, पाडवा, आखाजी, नागपंचमीचे दिंडे, पोळा, गौरी-गणपती, पित्रं, दसरा, दिवाळीचे तीन-चार दिवस, आणि गावातली एखाददोन लग्नं. मी इकडे एक्सेलमध्ये भरत होतो. बेरीज आली वीसच्या आसपास. माणशी दिवसाला शंभर ग्रॅम गूळ धरला तरी वर्षाचे झाले दोन किलो. पाहुण्याला गूळ-पाणी आणि कामावरून आल्यावर तोंडात टाकलेला खडा धरून अजून दोन-तीन किलो म्हणा. आणि हे सगळं शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसांचं.

जरा आपली भाषा बघा. लग्न ठरलं की साखरपुडा. बातमी चांगली असली की तुझ्या तोंडात साखर पडो. पास झाला की तोंड गोड. साखर ही आपल्याकडे कायम प्रसंगाला चिकटलेली गोष्ट होती, आणि त्याचं साधं कारण म्हणजे ती महाग होती आणि कमी होती. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सण हा रेट लिमिटर होता. रिक्वेस्ट कितीही येऊ देत, वर्षाला वीसच पास होणार. मनावर ताबा वगैरे कुणाला ठेवावाच लागत नव्हता, कारण गूळ कोठीत आणि कोठीची किल्ली पणजीच्या कमरेला!

मग हा लिमिटर काढला कुणी? इथे गोष्ट नाशिक जिल्ह्यात येते.

त्याआधी एक छोटं वळण. जुनी माणसं पांढऱ्या साखरेला मोरस साखर म्हणायची. मोरस म्हणजे मॉरिशस. १८३४ नंतर इंग्रजांनी मळ्यांवर काम करायला हिंदुस्थानातून करारावर हजारो मजूर मॉरिशसला नेले, त्यात आपले मराठी लोकही होते. तिथे आजही मराठी समाज आहे, गणपती बसतात. म्हणजे आपलीच माणसं समुद्रापार जाऊन ऊस पिकवत होती आणि ती साखर परत आपल्याच बाजारात विकायला येत होती. (आज मॉरिशस हा जगात मधुमेहाचं प्रमाण खूप जास्त असलेल्या देशांपैकी एक आहे, हेही जाता जाता.) पुढे जावा बेटावरून डच साखर लाखो टनांनी यायला लागली. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळीत विलायती कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार होता. ती हाडांच्या कोळशातून गाळून शुभ्र करतात, ही त्या काळात घराघरांत पोचलेली बातमी होती, आणि ती अफवा नव्हती. युरोपातल्या रिफायनऱ्यांत तसा कोळसा खरोखर वापरत. थोडक्यात, १९३० पर्यंत पांढरी साखर ही आपल्याकडे बऱ्यापैकी परदेशी वस्तू होती.

१९३२ साली सरकारने देशी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि आयात साखरेवर जबर कर बसला. त्याआधी सगळ्या हिंदुस्थानात आधुनिक साखर कारखाने होते जेमतेम तीस. पाचेक वर्षांत ते शंभराच्या पार गेले. आपल्याकडे पाटाचं पाणी नुकतंच आलं होतं. इगतपुरीजवळचं दारणा धरण १९१६ चं. त्याचं पाणी नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी निफाड-कोपरगावकडे जातं. आपण हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला जातो ना, तेच नांदूरमध्यमेश्वर! २०२० साली रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. ती पाणथळ जागा मुळात उसासारख्या पिकांना पाणी द्यायच्या कामातून तयार झालीय, हे मला हा लेख लिहायला घेईपर्यंत माहीत नव्हतं.

आणि याच लाटेत १९३३ साली मालेगाव तालुक्यात वालचंद हिराचंदांनी रावळगाव शुगर फार्म कंपनी काढली. हे तेच सोलापूरचे वालचंद. बोर घाटातले बोगदे, सिंधिया जहाज कंपनी, बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची गोदी, प्रीमियर मोटार, सगळीकडे हे गृहस्थ आहेतच. १९४२ साली रावळगावला साखरेबरोबर गोळ्या-चॉकलेटं निघायला लागली. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक... वाचतानाच तोंडाला पाणी सुटलं असेल तर तुमचं लहानपण माझ्यासारखंच गेलंय.

आमच्या घरी रावळगावची गोळी ही वस्तू नव्हती, ते आजोबांचं दुसरं नाव होतं. त्यांचं गाव रावळगावपासून सायकलवर अर्ध्या तासावर. सदऱ्याच्या खिशात कायम पाच गोळ्या. चार नातवंडं, प्रत्येकी एक, आणि पाचवी स्वतःला. आम्ही सुट्टीला गेलो की एसटी स्टँडवरच वाटप. एकदा मी जास्तीची मागितली तर म्हणाले, "उद्या उद्याची." तेव्हा फार राग आला होता. आता कळतं की ते घरातले शेवटचे रेट लिमिटर होते.

आजोबांचा जन्म १९३८ चा. लहानपणी युद्धामुळे साखर रेशनवर गेली ते त्यांना आठवायचं. साठच्या दशकात त्यांचं लग्न झालं तेव्हाही लग्नाला साखर हवी म्हणून परमिटसाठी तालुक्याला खेटे घालावे लागले. शेवटी परमिटवर मिळाली ती पंगतीला पुरेना, म्हणून गुळाची लापशी केली. ही गोष्ट ते हसत हसत सांगायचे, पण विचार करा, ज्या तालुक्यात साखर कारखाना, त्याच तालुक्यात लग्नाला साखर मिळेना! रेशनच्या साखरेसाठी कारखान्यांवर असलेली लेव्ही तर थेट २०१३ पर्यंत होती.

तोवर कारखान्यांचं मोहोळ उठलं होतं. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना उभा केला, १९५० च्या अखेरीस पहिला गळीत हंगाम सुरू झाला. त्याच्या पावलावर पाऊल टाकून राज्यभर सहकारी कारखाने निघाले. आपल्या जिल्ह्यात निफाड, गिरणा, कादवा, वसाका ही नावं आपण पेपरात वाचतच मोठे झालो. त्यातून रस्ते आले, शाळा-कॉलेजं आली, इंजिनिअरिंग कॉलेजंसुद्धा आली. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची फी उसाच्या पैशातून भरली जायची. तेव्हा साखरेला नुसती शिवी देऊन मोकळं होता येत नाही, माझी डिग्रीही तिच्यावर उभी आहे. आणि या सगळ्याच्या तळाशी कोयता घेऊन पहाटे चारला फडात उतरणारी ऊसतोड जोडपी आहेत. साखरेचे कष्ट त्यांच्या वाट्याला आणि कॅलरी माझ्या, अशी ही वाटणी.

पण एक गाठ सुटत नव्हती. साखर मुबलक झाली म्हणून लोक रोज पुरणपोळी तर करायला लागले नाहीत. मग ती गेली कुठे?

उत्तर सकाळी साडेसहाला माझ्या हातात असतं. चहा! १९३० च्या दशकात जागतिक मंदीमुळे चहाची निर्यात पडली, तेव्हा चहावाल्यांनी हिंदुस्थानातच गिऱ्हाईक तयार करायचं ठरवलं. स्टेशनांवर, बाजारात, गिरण्यांत चहाचा जोरदार प्रचार झाला, चहा कसा करायचा याची प्रात्यक्षिकं दाखवली गेली. वर्षं बघा. साखरेला संरक्षण १९३२ चं, चहाचा प्रचारही त्याच दशकातला. दोघांची गाठ पडली ती कायमचीच. गूळ-पाण्याची जागा चहाने घेतली आणि साखर सणाच्या ताटातून उठून रोजच्या कपात जाऊन बसली. सण वर्षाला वीस, कप दिवसाला चार!

आता हिशोब करू. चमचाभर साखर साधारण पाच ग्रॅम. कपाला दोन चमचे, दिवसाला चार कप, म्हणजे चाळीस ग्रॅम. वर्षाचे साडेचौदा किलो. एकही पेढा न खाता, बरं का. आज भारतात साखरेचा खप माणशी वर्षाला वीस किलोच्या आसपास आहे, म्हणजे दिवसाला पंचावन्न ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या, म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम. माझा पंचवीस ग्रॅमचा कोटा सकाळी अकराच्या स्टँडअपआधीच संपत होता.

त्यावर ऑफिस. मी सहा आठवडे नोंद ठेवली. वाढदिवसांचे केक सात. ऑनसाइटहून परतलेल्यांची चॉकलेटं चार वेळा. प्रमोशनचे पेढे, नव्या गाडीचे पेढे, मुलगी झाल्याची जिलेबी, रिलीज झाल्याचे रसगुल्ले, रिलीज पुढे ढकलल्याचं दुःख विसरायला आणलेलं आइस्क्रीम. आणि वर्क फ्रॉम होमच्या आठवड्यात आई दुपारी चारला डब्यातला लाडू कीबोर्डशेजारी ठेवून जाते, तेही कॉल चालू असताना, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. सहा आठवड्यांत एकतीस वेळा गोड! आजीचं दीड वर्षाचं मी दीड महिन्यात संपवलं होतं.

तरी प्रश्न उरतोच. अमेरिकेत माझा मित्र आहे, माझ्याहून जास्त गोड खातो, वजनही जास्त, रिपोर्ट मात्र स्वच्छ. असं का? याचं एक उत्तर पुण्यात मिळालं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आयांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. ही बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं किडकिडीत, पण चरबी मात्र जवळपास त्यांच्याइतकीच! कमी होते ते स्नायू. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वरून एकसारखे, आत दुप्पट फरक.

म्हणूनच आपल्यासाठी मोजपट्टीही वेगळी आहे. २००९ पासून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या, उन्हातान्हात राबलेल्या लोकांचं शरीर चरबी जपून ठेवायला तयार झालेलं असावं, आणि त्याला आपण खुर्ची दिली, लिफ्ट दिली आणि चार कप चहा दिला. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींवर मधुमेही आणि सुमारे १३.६ कोटी उंबरठ्यावरचे निघाले. त्या १३.६ कोटींतला एक हा लेख लिहितोय. साठ, पंचेचाळीस, अठ्ठावीसचं कोडं मला तरी असं सुटलं. रक्त तेच होतं. आजोबांकडे खिशात पाच गोळ्या आणि रोजची दहा मैलांची सायकल होती, बाबांकडे स्कूटर आणि बँकेतली खुर्ची, माझ्याकडे नुसतीच खुर्ची.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं लिहायला घेतलं ती सांगतो.

२०१६ सालची आखाजी. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, गावी गेलो होतो. आजोबा ७८ वर्षांचे, इन्सुलिनवर, खूप थकलेले. आजीने मांडे केले होते. आजोबांच्या ताटात तिने हळूच एक चतकोर वाढला. मी तेव्हा नुकतंच नेटवर साखर कशी विष आहे वगैरे वाचलं होतं. मी उठलो आणि तो चतकोर त्यांच्या ताटातून उचलला. "आजोबा, तुम्हाला चालत नाही. मी वाचलंय." ते भांडले नाहीत. माझ्याकडे बघून फक्त "बरं" म्हणाले आणि वरण-भात कालवायला लागले. त्या आषाढात ते गेले.

त्या चतकोरात किती साखर होती? मी नंतर हिशोब केलाय. दोन चमचे. चहाचा एक कप. आणि त्याच दुपारी मी स्वतः तीन मांडे, वर आमरस आणि संध्याकाळी कोल्ड्रिंक रिचवलं होतं. चरक मी वाचला नव्हता, याज्ञिक वाचले नव्हते, आजीचं बोटांवरचं मोजमाप तर मला माहीतच नव्हतं. मला साखर आणि सण यातला फरक कळला नव्हता. वर्षभर चहातून, बिस्किटातून, केकमधून येणारी साखर कुणी अडवत नाही, आणि वर्षातून एकदा खापरावरून उतरलेला चतकोर मात्र आपण हातातून काढून घेतो!

तर माझा नियम एकच आहे. गोडाचे मी दोन भाग केलेत, तारखेचं आणि टेबलावरचं. कॅलेंडरवर ज्याला तारीख आहे, जे घरात कुणीतरी हाताने केलंय, ते खायचं, मोजून आणि मजेत. जे कुणीतरी टेबलावर आणून ठेवलं म्हणून समोर आहे, ते नाही. महिन्यातून एक रविवार बुधा हलवाईच्या जिलेबीचा, तो मी माझ्या अधिकारात सण म्हणून जाहीर केलाय. चहातली साखर दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केली. शेवटचा अर्धा चमचा फार छळतो, त्याला दोन महिने लागले. आधी मी हुशारी करून गुळाचा चहा सुरू केला होता, पण गुळातही उष्मांक जवळजवळ साखरेइतकेच, तेव्हा ती पळवाट बंद केली. आणि चरकाच्या पहिल्या कारणासाठी रोज गोदापार्कवर पन्नास मिनिटं. तिथे माझ्या बाबांच्या वयाचे काका मला मागे टाकून जातात.

आठ महिन्यांत वजन ८६ चं ८०.५ झालं, कंबर ९८ ची ९२, एचबीएवनसी ५.७. अजून सीमेवरच आहे. दिवाळीत पाय घसरला, खोटं कशाला बोलू, अनारशांचा डबा माझ्यामुळे दोन दिवसांत संपला. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमचे रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांनाच दाखवा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांचे ब्रँड आणि कृती रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटींना घेतल्याची बातमी आली. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी टाकली होती. सगळे जुन्या जाहिरातींबद्दल बोलत बसले. मी बाबांना फॉरवर्ड केली. त्यांनी उत्तरात काही लिहिलं नाही, पण संध्याकाळी घरी आले तेव्हा खिशातून पान पसंदच्या गोळ्या काढल्या. तीन. एक आईला, एक मला, एक स्वतःला. मी म्हटलं, "अजून आहेत?" तर म्हणाले, "उद्या उद्याची."

या आखाजीला गावी गेलो होतो. आजीने खापर मांडलं. मी बाबांच्या ताटात एक चतकोर वाढला, माझ्या ताटात एक अख्खा, आणि एक चतकोर आजोबांच्या घागरीपुढे ठेवला. आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात. आजीने बघितलं, काही बोलली नाही, फक्त त्या चतकोरावर तुपाची धार जरा सढळ हाताने सोडली.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. बरोबरच आहे. पण कुणाच्या हातातलं शेवटचं कांडं काढून घेण्याआधी, बाकीचा ऊस कुणी खाल्ला तेही एकदा बघावं.

असो. फार लांबलं. चालायला जायची वेळ झाली.